जुन्या कार्डाचा भाव

भाव पुन्हा चढला होता. महामायानं मोबाइल डोळ्यांजवळ धरून आकडा परत वाचला. मेहकरचा दुकानदार कुलदीप रोज सकाळी कॉम्प्युटरच्या सामानाचे भाव व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचा. एक तारखेला तिला हवं असलेलं ग्राफिक्स कार्ड चोवीस हजार आठशेला होतं. आज, तेरा तारखेला, अठ्ठावीस हजार.

तिनं वहीत आजचं टिंब काढलं. तेरा टिंबांची रेघ चढत गेली होती. ती उतरायला हवी होती.

त्याच कंपनीचं नवं कार्ड उद्या बाजारात येणार होतं. नवं आलं की जुनं स्वस्त होतं, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. ऑनलाइन ते झालंही होतं, बावीस हजारांवर आलं होतं. पण ऑनलाइन मागवलेली वस्तू तिच्या गावी, जानेफळला यायला नऊ-दहा दिवस घेते. पुण्याच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओनं तिच्याकडून दहा सेकंदांची चित्रफीत मागितली होती, वीस तारखेपर्यंत. पसंत पडली तर घरी बसून नोकरी. तिच्या जुन्या मशीनवर एका चित्राला चाळीस मिनिटं लागत. दहा सेकंदांना चित्रं दोनशे चाळीस. आणि लाइट दिवसातून दोनदा जायची. कार्ड असतं तर एका दिवसात काम झालं असतं.

शिकवणीचे साठवलेले पंचवीस हजार तिच्याकडे होते. कार्डासोबत मोठा पॉवर सप्लायही लागणार होता. म्हणून ती भाव उतरायची वाट पाहत होती.

ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. होती. तिनं कारणं लिहून काढली. डॉलर. चिपचा तुटवडा. एआयवाल्या कंपन्यांची खरेदी. मग एकेक खोडलं. ही कारणं खरी असती तर भाव सगळीकडेच चढला असता. सगळीकडे उतरणारी वस्तू एकट्या मेहकरात कशी चढते?

"बाबा, मी मेहकरले जाऊन येते."

"बिलकुल नाही," भाऊराव म्हणाले. ते ओसरीवर दोर वळत बसले होते. "गरजवंताचं तोंड दिसलं की भाव चढते."

"तो तसाही चढूनच राह्यला."

भाऊरावांचे हात थांबले. "चढून राह्यला? काऊन?"

"तेच तर समजत नाही."

"चढाले नाही पाह्यजे," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा तिच्याइतकाच गोंधळलेला होता. "उतराले पाह्यजे होता आतापर्यंत."

"तुम्हाले काय माहीत त्यातलं?"

"मले काय माहीत, बाई. मी बैलातला माणूस."

ते खरंच होतं. गावात कोणाला बैलजोडी घ्यायची असली की भाऊरावांना सोबत नेत. कार्डातलं त्यांना काही कळत नव्हतं. तरी दोन तारखेला त्यांनी तिच्याकडून कार्डाचं नाव कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून घेतलं होतं. कशाला, विचारल्यावर म्हणाले होते, "पाठ करतो."

चौदाला नवं कार्ड आलं. पंधराला मेहकरच्या जुन्या कार्डाचा भाव झाला साडेअठ्ठावीस. ती घरी न सांगता एसटीत बसली.

दुकानात शिरताच तिला फळीवर सहा खोकी दिसली. सहाही त्याच कार्डाची.

"एवढा माल हाये, तरी भाव वाढवला?" तिनं विचारलं.

"ताई, मागणीच तशी हाये," कुलदीप म्हणाला. "आधी एकच होतं माह्याजवळ. मंग फोनावर फोन. म्हटलं नवं येऊन राह्यलं, लोकाइले जुनं भेटणार नाही असं वाटत असन. उसने पैशे घेऊन पाच अजून मागवले. खोटं वाटते? हे पाहा."

त्यानं वही तिच्यापुढे सरकवली. चौकशी करणाऱ्यांची नावं आणि गावं त्यानं नीट उतरवली होती.

उंद्री, धम्मदीप. हा तिच्या आत्याचा मुलगा. हिवरा आश्रम, प्रसेनजित. मावसभाऊ. डोणगाव, इंद्रभान. मामा. त्याच्याखाली डोणगाव, रुख्मिणीबाई. मामी. तिनं पान उलटलं. पुढची पाचही नावं तिच्याच घरच्या लग्नपत्रिकेतली होती.

"हे घेतो म्हणतात का?"

"नाही ना. भाव ऐकतात, 'लय महाग हाये बाप्पा' म्हणतात अन् ठेवून देतात. दोन दिवसांनी पुन्हा करतात. पाह्यजे असल्याशिवाय कोणी एवढं विचारते का?"

महामायाला बैलबाजार आठवला. लहानपणी ती बाबांसोबत गेली होती. बाबा लांब झाडाखाली बसून राहिले होते. आधी काका जाऊन जोडीचा भाव विचारून आले, मग मामा, मग आणखी कोणी. प्रत्येकानं नाक मुरडलं. दुपारपर्यंत बैलवाल्याचा धीर सुटला. मग बाबा उठले.

बैलवाल्याला संध्याकाळी जोडी परत घरी न्यायची नसते. फळीवरच्या कार्डाला चारा लागत नाही.

तेवढ्यात कुलदीपचा फोन वाजला. तिला ऐकू यावं म्हणून त्यानं तो स्पीकरवर घेतला.

"भाऊ, त्या... त्या कार्डाचा काय भाव हाये आज?" बाबाच बोलत होते. पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग कार्डाचं नाव, एकेक अक्षर जोडून वाचलेलं. "साडेअठ्ठावीस? लय महाग हाये बाप्पा. नाही, मले नाही पाह्यजे. सहज विचारून राह्यलो."

"पाहा," कुलदीप हळूच म्हणाला. "दहावं गिऱ्हाईक."

महामायानं त्याच्या खिशातला पेन मागून घेतला. नऊच्या नऊ नावांना तिनं मोठा कंस केला आणि वही त्याच्याकडे फिरवली.

"गिऱ्हाईक एकच हाये, भाऊ. ते तुमच्यासमोर उभं हाये. आता भाव सांगा."