पावणेदोन वीत

धान्याच्या गंजापासून हे घर बाराशे पावलांवर होतं. महालिंगप्पानं पावलं दोनदा मोजली होती. रजाकारांची कवायत चालायची ते मैदान टाळून, बोळाबोळानं यावं लागत होतं. पळत आलं तर पाच-सहा मिनिटं. तेवढ्या वेळात घरात काय काय होऊ शकतं, याचा विचार तो पुरा करत नव्हता.

तो कळंबच्या गंजात मापाडी होता, दिवसभर ज्वारीची पोती तोलायचा. गंजाला लागूनच दुसरं एक घर मिळत होतं, ऐंशी पावलांवर, बायकोनं हाक मारली तर ऐकू येईल असं. पण ते हमरस्त्यावर एकटंच उभं होतं, आणि मुलींची शाळा तिथून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इथं शाळा मारुतीच्या देवळामागं होती. दारातून तिची कौलं दिसत. त्याची आठ वर्षांची पोर शिवकांता मघापासून त्या कौलांकडंच बघत होती.

"चूल बघितली, न्हाणी बघितली," घरमालकीण द्वारकाबाई म्हणाली. "आता खरं घर बघा."

तिनं कोपऱ्यातली रिकामी कणगी बाजूला सरकवली. मागं भिंतीत जमिनीलगत एक भगदाड होतं. पलीकडून उजेड येत होता, आणि भाजलेल्या ज्वारीचा वास.

"ह्यातनं उमाबाईच्या घरात. तिथनं सोनाराच्या. तिथनं रशीद तांबोळ्याच्या. त्याच्या परसातनं सरळ ओढ्यात." द्वारकाबाईनं बोटांवर मोजत सांगितलं. "रशीदनंच पहिलं भगदाड पाडलं, बायकापोरांसाठी. मग सगळ्यांनी पाडली."

"आधी इथं राहायचे ते?"

"गेले बार्शीला. निजामाची हद्द ओलांडली की सुटलो, म्हणले. ज्यांचं तिकडं कोन हाय ते गेले. तुमचं हाय का कोन?"

महालिंगप्पानं मान हलवली. कोणी नव्हतं.

तेवढ्यात शिवकांता भगदाडात शिरलीसुद्धा. एकदा पाय दिसले, मग तेही नाहीत. पलीकडून तिचं हसू आलं, मग आईला हाक. "अव्वा, हिकडं लाह्या फोडायलेत!"

महालिंगप्पा गुडघ्यावर बसला आणि त्यानं वीत लावली. रुंदी पावणेदोन वीत. उंची दोन. भिंत मातीची, दीड हात जाड. त्यानं पुन्हा एकदा मोजलं. पावणेदोनच भरली. मग तो उठला आणि बायकोकडं न बघता उभा राहिला.

नागम्माला सातवा महिना होता. ती पदर खोचून खाली बसली, दोन्ही हात पुढं टाकले, डोकं आत घातलं. खांदे गेले. मग ती थांबली. कुशीवर वळून पाहिलं, श्वास सोडून पाहिलं. भिंतीची माती तिच्या पाठीवर झरझर गळली. थोड्या वेळानं ती तशीच मागं सरकली आणि भिंतीला टेकून धापा टाकत बसली. पोटावरच्या लुगड्याला मातीचा पट्टा उमटला होता.

"वाढवून घेऊ," महालिंगप्पा म्हणाला. "पहार मी आनतो. चार बोटं वाढवली तरी..."

"न्हाय वाढवायचं." द्वारकाबाईचा आवाज एकदम कडक झाला. "बाई जाईल आन् मागनं येनारा गडी अडकंल, एवढंच ठिवलंय. त्याला यायचं तर मुंडकं पुढं घालून रांगत यावं लागतंय. मोठं केलंस तर तो धावत येईल. तुझ्या बायकोपायी चार घरं उघडी टाकू का?"

"मग गंजाजवळचं घर घेऊ," तो नागम्माला म्हणाला. "मी जवळ असंन. हाक मारलीस की..."

"आन् येऊन काय करशील, मापाड्या?" द्वारकाबाई म्हणाली. "तराजू फेकून मारशील?"

एरवी तो हसला असता. आता त्यानं हात पाठीमागं घेतले.

पलीकडं सगळं ऐकू गेलं असावं. लाह्या फुटायच्या थांबल्या. भगदाडातून बाईचा आवाज आला, "कितवा?"

"सातवा," नागम्मा म्हणाली.

"म्हंजी दोन महिने."

"व्हय. दोन तरी."

मग जमिनीवरून काहीतरी घासत आलं. भगदाडातून मुसळाचं टोक बाहेर पडलं, त्यामागं अख्खं मुसळ, आणि ते ढकलणारा, हिरव्या बांगड्यांचा एक हात.

"रजाकार आले की पोरीला मी वढून घेईन," उमाबाई म्हणाली. "ती माझ्याकडं. हे तुमच्याकडं असू द्या. माझ्याकडं उखळाचं दुसरं हाय."

नागम्मानं मुसळ उचललं. टोकाला लोखंडी कडं होतं. ती ते घेऊन सरळ पुढच्या दाराशी गेली, कवाडामागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी वर उगारून पाहिलं. टोक वरच्या माळवदाच्या लाकडाला लागलं. तिनं हात थोडे खाली घेतले, मूठ बदलली, पुन्हा उगारलं. आता लागलं नाही.

"नागम्मा," महालिंगप्पा म्हणाला, "आपन दुसरं बघू. गावात आनखी घरं..."

"तुमी बाहेर जावा," ती कवाडाआडून म्हणाली. "कडी न्हाय लावत मी. बाहेर जावा, आन् ते येतील तसं आत या."

तो बाहेर गेला. बोळात कुणी नव्हतं. दार ठेंगणं होतं, वरची चौकट त्याच्या छातीला लागत होती. आतून काही आवाज येत नव्हता.

त्यानं मान खाली घातली आणि चौकटीतून डोकं आत नेलं.