जुळ्यांची चाचणी

प्रमिलाआजी आणि शैलाआजी फणसवाडीतल्या हुबेहूब जुळ्या बहिणी, वय एकोणऐंशी. जनुकं सारखी असली की म्हातारपणचं विसरणंही सारखंच असतं का, हे तपासायला संशोधक संघमित्रा त्यांच्या घरी आली होती.

प्रमिलाआजींनी वार, तारीख धडाधड सांगितली. शंभरातून सात-सात वजा करताना तेवढं बहात्तरच्या जागी त्र्याहत्तर म्हणाल्या. मग रक्त देऊन आत गेल्या. थोड्या वेळाने हिरव्या साडीतल्या शैलाआजी बाहेर आल्या. त्यांचीही उत्तरं तितकीच पक्की, आणि चुकल्या त्याही त्र्याहत्तरलाच.

संघमित्रा हरखली. चूकसुद्धा सारखी! रक्त घ्यायला तिने आजींच्या हातावरचा पदर बाजूला केला. कोपराच्या आतल्या बाजूला तिनेच मघाशी लावलेली पट्टी होती.

"शैलाआजी कुठे आहेत?"

"आत बसलीय. तिला आता वारही सांगता येत नाही गं." प्रमिलाआजींनी पदर परत हातावर ओढला. "शाळेत मला पाढे यायचे नाहीत. माझी तोंडी परीक्षा दर वर्षी तीच देऊन यायची. माझी पाळी आत्ता कुठे आली."