बंद गळ्याचं माप

साहेब बायकोला घेऊन शिंप्याच्या दुकानात आले की माप तिचं, पण तोंड साहेबांचं चालायचं. "मास्तर, गळा बंद, बाह्या मनगटापर्यंत. उघडंवाघडं नको. कसं क्लासी दिसलं पाहिजे!"

क्लासी म्हणजे काय, ते मास्तरांना टेप धरल्यावर कळायचं. कधी दंडावर पाच बोटं उठलेली, कधी मानेवर काळानिळा वळ, एकदा तर कोपराजवळ सिगारेटचा ताजा चटका. तिथे मास्तर टेप सैल सोडत आणि मुकाट्याने माप लिहून घेत. गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम.

आज दोघं आली, तेव्हा साहेब कधी नव्हे ते गप्प होते. मास्तर सवयीने टेप घेऊन तिच्याकडे वळले, तर ती म्हणाली, "आज माझं नाही, ह्यांचं घ्या."

टेप मानेला लागताच साहेब कळवळले. कॉलरखाली दोन्ही बाजूंनी मिळून दहा बोटं उठली होती.

"बंद गळ्याचा शिवा, मास्तर," ती शांतपणे म्हणाली. "क्लासी दिसतं."



मास्तरांनी आज टेप सैल सोडला नाही. उलट जरा आवळलाच.