घागरीवरचा आंबा

आज शेंदऱ्या झाडाच्या ढिगातला आंबा गेला होता. मोहिनीने पेंढा बाजूला सारून पुन्हा पाहिलं. काल हा ढीग सारखा होता, आज त्याला मधोमध खळगा पडला होता. उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. कोरीट गावातल्या त्या घरात या वर्षी सणाचा सगळा स्वयंपाक नव्या सुनेच्या हाती दिलेला, आणि रसासाठी पिकत घातलेल्या आंब्यांना पाय फुटले होते.

बाकी सगळं तिने चोख योजलं होतं. खापरावरच्या पुरणपोळ्या, पुरणाच्या कटाची झणझणीत रसोई, भात, कुरडया-पापड, गिलक्यांची भजी, घागरीसाठी सांजोऱ्या. दोन-चार आंबे गेले म्हणून रस काही कमी पडणार नव्हता. खराब होणार होतं ते तिचं नाव.

कारण घराचा नियम कडक होता. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा. पहिला आंबा त्यांचा. तोवर घरातल्या कुणी तो जिभेलाही लावायचा नाही. मोहिनी वाढली सुरतेला, उधन्यात. तिथे बाजारात आंबा दिसला की घरात यायचा, आणि आंबा म्हणजे तिचा जीव की प्राण. इथे बिचारी किती दिवस नुसता वास घेऊन गप्प बसली होती. तरी व्हायचं तेच झालं. सणाला माहेरी आलेली नणंद शीला सकाळी सगळ्यांदेखत म्हणाली, "सुरतमा कोन घागरनी वाट पाहास? मोहिनीले कसा धीर निंघी?"

नवरा हेमकांत हसला. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिला खरं नवल वाटलं ते सासूचं. जमनाबाई म्हणजे शेंगदाण्याचाही हिशेब मागणारी बाई. ती मान वर न करता एवढंच म्हणाली, "उंदीर लई जातस व्हतीन," आणि सांजोऱ्यांचा रवा भाजत राहिली.

उंदीर प्रत्येक ढिगातला एकच आंबा कशाला नेतील? झाडं सगळी गावठी, एकाची चव दुसऱ्याला नाही, म्हणून झाडागणिक ढीग वेगळे घातले होते. आणि चोरी अशी, की एका ढिगाला हात लागला की चोर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नव्हता. त्यात मघाशी म्हशीच्या गव्हाणीत तिला शेंदऱ्याचा आंबा सापडला. त्याची एक बारीकशी फोड सुरीने काढलेली, बाकी आंबा जसाच्या तसा. आंबा चोरायचा आणि खायचा नाही, हा कसला चोर? तिचा राग बाजूला राहिला आणि डोक्यात भुंगा सुरू झाला.

दुपारी जेवणं उरकली. घर आडवं झालं. मोहिनी आंब्यांच्या खोलीत धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. हातात सुरी घेऊन जमनाबाई आत आली. शेवटच्या, न शिवलेल्या ढिगापाशी बसली. आंबा निवडला, पुसला, फोड काढली आणि तोंडात घातली. डोळे मिटून चघळत राहिली.

 मोहिनीने हाक मारली असती तर सारं घर गोळा झालं असतं आणि तिच्यावरचा आळ गेला असता. ती पुढे झाली, पण आवाज काही चढला नाही.

"आत्या, आजून घागर भरानी ऱ्हायनी ना."

जमनाबाई दचकली. मग सुरी खाली ठेवली.

"म्हाईत शे. पाप लागी ते माले लागी," ती म्हणाली. "मांगला साले तुन्हा मामंजीसनी पह्यली घागर भरी. वरला आंबा मी नंतर चाखा, ते आंबट ढाण. जित्ता व्हतात तव्हय आंबट लागनं का ताट सरकाडी देत. आते कसं सांगतीन?"

मोहिनी तिच्याशेजारी बसली. सासऱ्यांना तिने पाहिलंही नव्हतं, फक्त भिंतीवरच्या फोटोत. आणि ही बाई त्यांना गोड आंबा मिळावा म्हणून झाडामागून झाड चाखत होती, नियम मोडत होती, कुणाला न सांगता.

"मंग कोनता गोड शे?"

जमनाबाईने मान हलवली. "तेच ते. मन्ही जीभ आते भरवसानी नही ऱ्हायनी. आठे समदाच सारखा लागतस." तिने आंब्याची आणखी एक फोड काढली. सुनेपुढे धरली, आणि लगेच हात मागे घेतला. "नको. तुले कसाले पाप."

मोहिनीने तिचा हात धरला आणि फोड तोंडात टाकली. रस ओठांवरून हनुवटीवर आला. किती दिवसांनी.

तेवढ्यात दार उघडलं. पाण्याचा तांब्या घेऊन शीला उभी होती. तिने आधी आंबा पाहिला, मग वहिनीची हनुवटी. जमनाबाईने काही सांगायला तोंड उघडलं.

"मीच खादा, ताई," मोहिनी म्हणाली. "आनि गोड शे."