पत्र्यापलीकडे

पत्र्यावर आतून एक ठोका पडला आणि अय्युबने वेल्डिंगची बंदूक उचलली.

अकोल्याच्या त्या कारखान्यात बसगाडीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा उभा होता. शेवटचा सांधा तेवढा राहिला होता. अय्युबने बाहेरून जोडायचं आणि जानरावने आतून सांध्यामागे तांब्याची पट्टी दाबून धरायची, म्हणजे वितळलेला धातू सांडत नाही. मध्ये पत्रा, त्यामुळे तोंडं दिसायची नाहीत. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे थांब.

तोंडं बघायची तशी गरजही उरली नव्हती. सहासष्ट साली मुंबईहून आपोआप तार पुरवणारं हे नवं वेल्डिंगचं यंत्र आलं, तेव्हा जानराव म्हणाला होता, करंट कमी कर. ‘तुले काय समजते’ असं अय्युब चारचौघांत बोलून गेला. पत्र्याला भोक पडलं आणि दोघांचं बोलणंही बंद झालं. दोघं सारखेच हट्टी. जानराव आधी येऊन आत शिरायचा आणि अय्युब गेल्यावरच बाहेर पडायचा.

आता ही गाडी झाली की जानराव हिवरखेडला भावाकडे कायमचा जाणार होता. मालकाने त्याच्या जागी वलगावचा नवा माणूस ठरवलाही होता. ते ऐकल्यापासून अय्युबचं कशात लक्ष नव्हतं. बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. आतून येणाऱ्या ठोक्यांवरच त्याचे दिवस निघत होते.

त्याने आर्गॉन वायूचा नळ सोडला, तारेचा वेग कमी करून करंट खाली आणला. सांधा सुरेख आला. पट्टी आज नेहमीपेक्षा जोरात दाबलेली होती. जानरावलाही निघणं जड जात असेल, असं अय्युबला वाटलं.

यंत्र बंद करून तो पत्र्याजवळ वाकला.

“जानराव, चूक माहीच होती. हिवरखेडले जाऊ नको. नसीमबानो गेल्यापासून घरात बोलाले कोनी नाही. माह्या बाजूची खोली रिकामी हाय. ऱ्हाशीन?”

त्याने पत्र्याला कान लावला. मग एक ठोका आला.

अय्युबचे डोळे भरून आले. ते त्याने हातमोज्यानेच पुसले, दोन चहा मागवले आणि गाडीच्या दाराशी गेला.

आतून एक अनोळखी माणूस वाकून उतरला. त्याने आपलं नाव देवमन आणि गाव वलगाव सांगितलं. अय्युबने विचारलं, जानराव कुठे आहे.

“ते त सकाळीच हिवरखेडच्या गाडीत बसले,” देवमन म्हणाला. “मले सांगून गेले, पलीकडचा मानूस बोलत नाही, काही आवाज झाला का एक ठोका देजो.”