बंदांची झबली

गणवेश शिवणाऱ्या मायाक्काने यंदाही जुन्या सुती साड्यांची झबली शिवून सोलापूरच्या मुलांच्या दवाखान्यात आणली. त्यांना बटणं नव्हती, नुसते बंद. भाजलेल्या लेकराचा हात वर होत नाही, हे ती लेकीच्या, पूनमच्या वेळी इथल्याच वॉर्डात शिकली होती. कोपऱ्यातल्या खाटेवर गाल-गळा भाजलेली चिमुरडी होती आणि उशाशी रडून थकलेली आई. “रडू नगं बाई. माजी पूनमबी अशीच भाजली हुती. आता दहावीला हाय, मलाच उलटं बोलती,” म्हणत मायाक्काने दाराबाहेरच्या लेकीला कौतुकाने हाक मारली. पूनम आत आली. आईने खुणावल्यावर तिने तोंडावरचा स्कार्फ सोडला. त्या बाईने झटकन आपल्या लेकीचे डोळे तळहाताने झाकले. पूनम खाटेशी वाकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, हात काढा की. तिला आतापासनं सवय होऊ द्या.”