शेवटचं प्रकरण

"अजी, गाडी सोडू नका. माहं पुस्तक गेलं त्यात."

कोकिळा परसातून धावत आली, तोवर समोरच्या खोलीतला अर्धा कापूस टेम्पोत चढला होता. भाव चढेल म्हणून दिवाळीपासून जपलेला ढीग. भाव काही चढला नाही, घरभर खाज तेवढी सुटली. उद्या गुढीपाडवा, अन् पाडव्यानंतर खरेदीच बंद होणार अशी बोलवा होती.

"कोणतं पुस्तक?" तिचे यजमान, सदाशिवराव, घड्याळाकडे बघत म्हणाले.

"बारावं."

राळेगावच्या वाचनालयानं पैज लावली होती: पाडवा ते पाडवा, दर महिन्याला वेगळ्या प्रकारचं पुस्तक. नावं पुष्कळांनी दिली, पोळ्यापर्यंत बहुतेक गळाले. टिकली ती सातवीत शाळा सुटलेली कोकिळा. कापूस घरात आल्यापासून ती ढिगावर लोळूनच वाचायची, लहानपणी माहेरी घाटंजीला वाचायची तशी. सदाशिवराव आधी हसायचे. मग तिनं बर्फातल्या प्रवासाचं पुस्तक मोठ्यानं वाचलं, तर हे घोंगडी पांघरून ऐकत बसले. नाटकातला सासरा तर त्यांनीच वाचला, अन् झकास वाचला. काय दिवस होते ते. कापूस विकला जात नव्हता, पण घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

रहस्यकथा तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. माहेरी अशीच एक वाचताना आजोबांनी शेवटची पानं तंबाखूच्या पुडीसाठी फाडली, अन् खुनी कोण ते तिला कधी कळलंच नाही. आताही नेमकं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

"इथं भाव पडला, अन् तुले खुनी पाह्यजे," सदाशिवराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

टेम्पोत कापूस तुडवणारा फुलसिंग थांबला. "दादा, उपसू काय सगळं?"

सदाशिवरावांची नजर खोलीच्या खिडकीकडे गेली.

"जलमात पहिल्यांदा काही पुरं होऊन राह्यलं होतं माहं," कोकिळा म्हणाली, अन् तिनं पदर डोळ्याला लावला.

सदाशिवराव खोलीत गेले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात उरलेल्या कापसात त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला, अन् सरळ पुस्तकच बाहेर काढलं.

"दुपारी मी वाचत होतो. कोणी आलं का आत दाबून देत होतो. भाव पडला असताना सदाशिव गोष्टी वाचून राह्यला, असं गावभर झालं असतं."

कोकिळानं पुस्तकाला चिकटलेला कापूस झटकला. खुणेचं एस.टी.चं तिकीट शेवटच्या पानावर होतं.

"म्हणजे तुमाले खुनी माहीत आहे?"

"सांगू काय?"

"सांगाल तर याद राखा."

फुलसिंग हसला. कोकिळा उरलेल्या कापसावर बसली अन् वाचू लागली. गडी तिच्या भोवतीचा कापूस भरत राहिले. खोली मोकळी होत गेली, शेवटी तिच्या खालचा तेवढा राहिला.

फुलसिंग रिकामी चादर घेऊन उभा होता. "वहिनी, उठता काय?"

सदाशिवरावांनी त्याला हातानंच थांबवलं.

"तेवढा राहू दे. उद्यापासूनच्या पैजेत मीबी नाव देऊन राह्यलो. बसाले लागन."